मेंदूतलं लोह एमआरआयला कसं दिसतं?

फॉलोअपच्या स्कॅनला आलेल्या एका मुलीच्या आईने मला काउंटरपाशी बाजूला घेतलं आणि हळू आवाजात म्हणाल्या, "ताई, हिच्या मेंदूत लोखंड साठलंय असं आलंय. मी घरातली लोखंडी कढई माळ्यावर टाकली. पालक बंद केला, गूळ बंद केला. त्या लोहाच्या गोळ्या चालू होत्या, त्यासुद्धा बंद केल्या." मुलगी तिशीची, मल्टिपल स्क्लेरोसिस होऊन सहा वर्षं झालेली. तळहात पांढरे पडलेले, हिमोग्लोबिन साडेआठ. फाइलमधल्या जुन्या रिपोर्टात खरंच एक ओळ होती: मेंदूच्या खोल भागात लोह साठल्याची शक्यता.

रिपोर्टाचा अर्थ सांगणं हे एमआरआय टेक्निशियनचं काम नाही. मी एवढंच म्हटलं, "मावशी, गोळ्यांचं आजच्या आज न्यूरॉलॉजिस्टना विचारा." त्यांनी विचारलं आणि गोळ्या त्याच दिवशी परत सुरू झाल्या. पण त्या एका ओळीने घरात जी भीती शिरली होती, ती काढायला काउंटरवरची पाच मिनिटं पुरण्यासारखी नव्हती. म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

मल्टिपल स्क्लेरोसिसमध्ये, म्हणजे एमएसमध्ये, आपलीच रोगप्रतिकारशक्ती मेंदू आणि मज्जारज्जूतल्या मायलिनवर उलटते. मायलिन म्हणजे मज्जातंतूंभोवतीचं स्निग्ध वेष्टण, विजेच्या वायरवर असतं तसं. ते जिथे उखडतं तिथे चट्टा राहतो. पॅरिसच्या साल्पेत्रिएर रुग्णालयात जाँ-मार्तां शार्को यांनी १८६८ मध्ये या आजाराचं नीट वर्णन केलं. आज जगात २८ लाखांहून जास्त लोकांना तो आहे. त्यात बायकांचं प्रमाण पुरुषांच्या दुपटीहून अधिक, आणि सुरुवात बहुधा विशी ते चाळिशीच्या दरम्यान.

आता लोहाकडे येऊ. पहिली गोष्ट, मेंदूत लोह असतंच, आणि ते असावंच लागतं. मायलिन विणणाऱ्या पेशींना ऑलिगोडेंड्रोसाइट म्हणतात आणि मेंदूतल्या पेशींमध्ये सर्वांत जास्त लोह त्यांच्याकडेच असतं, कारण मायलिनमधली स्निग्ध द्रव्यं बनवायला आणि त्यासाठी लागणारी ऊर्जा तयार करायला ते लागतं. १९५८ मध्ये हॅल्ग्रेन आणि सूरांडर या स्वीडिश शास्त्रज्ञांनी ८१ मृतांच्या मेंदूंचे वेगवेगळे भाग तपासून त्यांतलं लोह मोजलं. ग्लोबस पॅलिडस नावाच्या, हालचालींवर ताबा ठेवणाऱ्या खोलातल्या छोट्या भागात त्यांना प्रौढ वयात दर १०० ग्रॅममागे सुमारे २१ मिलिग्रॅम लोह सापडलं. यकृतात असतं त्याहूनही जास्त. जन्माच्या वेळी ते जवळजवळ नसतं, विशीपर्यंत भराभर वाढतं आणि मग वेग मंदावतो. म्हणजे पस्तिशीच्या ठणठणीत माणसाचा स्कॅन काढला, तरी हा भाग लोहामुळे काळपट दिसतोच. साठ वर्षांहून जुना हा अभ्यास आजही प्रत्येक नव्या पद्धतीची कसोटी म्हणून वापरतात, आणि मला त्या दोघांच्या चिकाटीचं फार कौतुक वाटतं.

हे लोह पेशींमध्ये मोकळं फिरत नाही. फेरिटिन नावाचं प्रथिन त्याला पोटात घेऊन बसतं. जुन्या घरांत कणगी असायची, तसं. एका फेरिटिनमध्ये लोहाचे ४,५०० पर्यंत अणू मावतात. कणगीतलं धान्य सुरक्षित असतं, खाली सांडलेल्यावर उंदीर येतात. लोहाचंही तसंच आहे. मोकळं लोह हायड्रोजन पेरॉक्साइडला भेटलं की हायड्रॉक्सिल नावाचे अतिशय आक्रमक कण तयार होतात आणि समोर येईल त्या चरबीची, प्रथिनाची, डीएनएची नासधूस करतात. एमएसमध्ये ऑलिगोडेंड्रोसाइट मरतात तेव्हा त्यांच्याकडचं लोह असं सांडतं. मग मेंदूतल्या सफाईवाल्या पेशी, मायक्रोग्लिया, ते गिळून पुन्हा फेरिटिनमध्ये भरतात.

एमआरआयवर दिसतं ते बहुतेक सगळं कणगीतलं लोह. नुकसान करणारं मोकळं लोह इतकं थोडं असतं की मशीनला त्याचा पत्ता लागत नाही. रिपोर्टात लोहाचा उल्लेख वाचून घाबरण्याआधी एवढं तरी लक्षात ठेवायला हवं.

दिसतं म्हणजे तरी काय? खरं तर एमआरआय लोह बघतच नाही. तो पाणी बघतो. पाण्याच्या रेणूतल्या हायड्रोजनचे केंद्रक, म्हणजे प्रोटॉन, चुंबकीय क्षेत्रात भोवऱ्यासारखे डोलत फिरतात. ३ टेस्लाच्या (टेस्ला हे चुंबकाच्या ताकदीचं माप) मशीनमध्ये सेकंदाला सुमारे १२ कोटी ७७ लाख फेऱ्या. क्षेत्र जरा वाढलं की वेग वाढतो, कमी झालं की घटतो.

गणपती मिरवणुकीतलं ढोलपथक डोळ्यांसमोर आणा. टोल पडला, सगळ्यांनी एकदम ढोल वाजवला, छातीत धडधडेल असा आवाज झाला. आता समजा मधल्या काही वादकांचा ठेका किंचित पुढे चालला आहे. पहिले काही ठोके सगळे बरोबर पडतील, मग आवाज फाटत जाईल आणि थोड्या वेळाने नुसता गोंगाट उरेल. स्कॅनमध्ये रेडिओलहरींचा झटका हा तो टोल. सगळे प्रोटॉन एकत्र सुरू होतात. फेरिटिनच्या आसपासचे प्रोटॉन किंचित वेगळ्या क्षेत्रात असल्याने लयीतून सुटतात, आणि एकत्रित आवाज, म्हणजे आपला सिग्नल, लवकर विरतो. आवाज किती वेगाने विरला त्या आकड्याला आर-टू-स्टार म्हणतात. लोह जास्त असेल तिथे तो मोठा येतो आणि चित्रात ती जागा काळी दिसते. ३ टेस्लावर मेंदूच्या पांढऱ्या भागातला, म्हणजे मायलिनने वेढलेल्या तंतूंच्या भागातला, सिग्नल विरण्याचा काळ साधारण ५० मिलिसेकंद असतो, तर ग्लोबस पॅलिडसमध्ये साधारण त्याच्या निम्मा.

हे किती सूक्ष्म आहे ते एकदा गणित करून बघण्यासारखं आहे. क्षेत्रात एक कोटीत एक इतकाच फरक पडला, तर पावणेतेरा कोटी फेऱ्यांत सुमारे १३ फेऱ्यांचा फरक होतो. वीस मिलिसेकंद थांबलं की ते प्रोटॉन शेजाऱ्यांच्या पाव फेरी पुढे. तेवढं मशीनला स्वच्छ मोजता येतं. इतकी वर्षं काचेमागे बसूनसुद्धा मला याचं नवल वाटतं.

मोजलेला आकडा खरा कशावरून? ऑस्ट्रियातल्या ग्रात्सच्या संशोधकांनी २०१० मध्ये याचा सरळ पडताळा घेतला. मृत व्यक्तींच्या मेंदूचा आधी एमआरआय काढला, मग तेच भाग घेऊन त्यातलं लोह प्रयोगशाळेत प्रत्यक्ष मोजलं. राखाडी भागांमध्ये, म्हणजे जिथे मुख्यतः पेशी असतात तिथे, आर-टू-स्टार आणि लोह यांची जोडी उत्तम जमली.

पण एमएसमध्ये इथेच एक पेच पडतो. लोह जसं सिग्नल लवकर विरवतं तसंच मायलिनही विरवतं. चट्ट्यात मायलिन गेलं की आर-टू-स्टार उतरतो, लोह वाढलं की चढतो. दोन्ही एकदम घडलं तर आकडा जागच्या जागी राहील आणि काहीच झालं नाही असं वाटेल. म्हणून मायलिन कमी असलेल्या खोल राखाडी भागांत हा आकडा विश्वासाचा, पांढऱ्या भागात मात्र जपून वापरायचा.

यावर पुढची पायरी म्हणजे क्वांटिटेटिव्ह ससेप्टिबिलिटी मॅपिंग, म्हणजे क्यूएसएम. इथे आवाज किती लवकर फाटला हे न पाहता कोण ठेक्याच्या पुढे आहे आणि कोण मागे, हे पाहतात. लोह आसपासचं क्षेत्र एका दिशेने ढळवतं, मायलिन आणि कॅल्शियम उलट दिशेने. साध्या चित्रात कॅल्शियमचा खडा आणि जुन्या रक्तस्रावातलं लोह दोन्ही काळेच दिसतात. क्यूएसएममध्ये एक उजळ, एक गडद, असे वेगळे निघतात.

मात्र हिशेब अवघड. पावसाळ्यात पुलावर उभं राहून नदीच्या पाण्यावरच्या लाटा आणि भोवरे पाहायचे आणि तळाशी खडक कुठे नि केवढा ते सांगायचं, तसं हे काम आहे. लोहाच्या कणाचा परिणाम त्याच्या जागेपुरता थांबत नाही, शेजारच्या भागांतही पसरतो. शिवाय मशीनच्या मुख्य क्षेत्राशी ५४.७ अंशांचा कोन करणाऱ्या दिशांमध्ये माहिती जवळजवळ शून्यावर येते. खडक तिथे आहे, पण पाणी त्याची खूण देत नाही. ती रिकामी जागा कशी भरायची यावर न्यूयॉर्कच्या कॉर्नेल विद्यापीठापासून जर्मनीतल्या येनापर्यंत अनेक गटांनी गणिती रीती काढल्या. रीत बदलली की आकडाही थोडा बदलतो. आणखी एक, क्यूएसएमचा आकडा नेहमी कशाच्या तरी तुलनेत असतो. कळसूबाई १,६४६ मीटर म्हणतो ते समुद्रसपाटीपासून. इथे समुद्रसपाटी म्हणून बऱ्याचदा मेंदूतल्या पोकळ्यांमधलं पाणी धरतात. एका केंद्राने ते धरलं आणि दुसऱ्याने संपूर्ण मेंदूची सरासरी धरली, तर दोघांचे आकडे शेजारी ठेवून काही अर्थ काढता येत नाही.

एवढं मोजून एमएसबद्दल काय कळलं? अमेरिकेतल्या बफेलोच्या गटाने २०१८ मध्ये ६०० रुग्ण आणि २५० निरोगी माणसांचे क्यूएसएम नकाशे ताडून पाहिले. बेसल गँग्लियात, म्हणजे ग्लोबस पॅलिडस ज्या समूहात येतो तिथे, रुग्णांचा आकडा जास्त निघाला. पण थॅलॅमसमध्ये, म्हणजे मेंदूच्या मध्यावरच्या संदेशांच्या जंक्शनमध्ये, तो निरोगी माणसांपेक्षा कमी होता. एमएस म्हणजे मेंदूत लोह वाढत जाणं, ही सरळ समजूत इथे मोडते. थॅलॅमसमध्ये लोहाची मालकी असलेल्या ऑलिगोडेंड्रोसाइट पेशीच थकत, संपत जातात आणि त्यांच्याबरोबर लोहही जातं, असा त्याचा एक अर्थ लावतात. व्हिएन्नात मृत रुग्णांच्या मेंदूंवर झालेल्या तपासणीतही, वरवर निरोगी दिसणाऱ्या पांढऱ्या भागातलं लोह आजाराची वर्षं वाढतात तसं घटत गेलेलं दिसलं होतं.

आणि वाढलेलं दिसतं तिथेसुद्धा थांबून विचार करायला हवा. आमटी चुलीवर आटली की खारट होते. मीठ कुणी वाढवलेलं नसतं, पाणी कमी झालेलं असतं. एमएसमध्ये खोल राखाडी भाग हळूहळू आकसतात. लोह तेवढंच राहिलं आणि भाग लहान झाला, तर दर ग्रॅममागचं लोह वाढणारच. म्हणून आता संशोधक आकडा आणि आकारमान दोन्ही मोजून एकूण लोह काढू पाहतात. नुसता "लोह वाढलं" असा निष्कर्ष वाचला की मी आधी त्या भागाचं आकारमान दिलंय का ते शोधते.

माझ्या मते या सगळ्यातली रुग्णाच्या सर्वांत उपयोगाची गोष्ट वेगळीच आहे. ती आकड्यात नाही, आकारात आहे.

नव्या, भडकलेल्या चट्ट्यात गॅडोलिनियमचं इंजेक्शन शिरतं आणि तो पांढरा चमकतो. काही आठवड्यांत चमक जाते आणि आपण समजतो, शांत झालं. पण काही चट्टे राखेखालच्या निखाऱ्यासारखे असतात. मधला भाग थंड, कडेला मात्र लोह गिळून बसलेल्या मायक्रोग्लिया काम करतच राहतात, आणि चट्टा वर्षानुवर्षं कणाकणाने बाहेर सरकतो. गॅडोलिनियमला हे दिसत नाही, कारण रक्त आणि मेंदू यांच्यातली भिंत तोवर बुजलेली असते. लोहाला संवेदनशील असलेल्या चित्रात मात्र चट्ट्याभोवती पेन्सिलीने ओढावी तशी बारीक काळी कडी दिसते. पडद्यावर ती पहिल्यांदा शोधायला मला बराच वेळ लागला होता. चित्र मोठं करून एकेक काप मागेपुढे करत गेलं की अचानक कडी जुळते, पुढच्या कापात अर्धी होते, त्याच्या पुढच्यात नाहीशी. शिरेचा आडवा छेदही असाच गोल दिसतो, म्हणून तीन-चार कापांत तिचा पाठपुरावा केल्याशिवाय कडी म्हणायचं नाही.

अमेरिकेतल्या बेथेस्डाच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत २०१९ मध्ये १९२ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांतल्या ५६ टक्के रुग्णांत अशी निदान एक कडी होती. ज्या २२ टक्के रुग्णांत चार किंवा जास्त होत्या, त्यांना चालण्याच्या आणि विचार करण्याच्या अडचणी कमी वयात आल्या होत्या. शिवाय या कड्या एमएसखेरीज इतर आजारांत क्वचितच दिसतात. म्हणून निदानाच्या मॅक्डॉनल्ड निकषांच्या २०२४ च्या सुधारणेत त्यांना स्थान मिळालं आहे, ठरावीक परिस्थितीत निदान पक्कं करायला मदत म्हणून. मायग्रेनच्या किंवा रक्तदाबाच्या ठिपक्यांना एमएस समजून घाबरलेल्या माणसांसाठी ही मोठीच सोय आहे.

आता त्या मावशींच्या कढईकडे. मेंदूत लोह दिसलं म्हणजे ते काढून टाकलं पाहिजे, हा विचार अगदी स्वाभाविक आहे, आणि तो मोठमोठ्या लोकांनीही केला. इटलीतल्या फेरारा इथले शल्यचिकित्सक पाओलो झांबोनी यांनी मांडलं की मानेतल्या आणि छातीतल्या शिरा अरुंद असल्याने रक्त तुंबतं, मेंदूत लोह झिरपतं आणि त्यातून एमएस होतो. २००९ मध्ये त्यांनी फुग्याने शिरा रुंद करण्याचा प्रयोग प्रसिद्ध केला. कॅनडात तर त्यावरून चळवळच उभी राहिली. कॅनडात ही शस्त्रक्रिया मिळत नाही म्हणून तिथले रुग्ण पोलंड, मेक्सिको आणि भारतातसुद्धा येऊन स्वतःच्या पैशाने ती करून गेले. पुढे काळजीपूर्वक तपासलं तेव्हा तशा अरुंद शिरा निरोगी माणसांतही तितक्याच सापडल्या. २०१७ मध्ये खुद्द झांबोनींच्या नेतृत्वाखालच्या चाचणीचा निकाल आला: फुगा फिरवलेले आणि न फिरवलेले यांत फायद्याचा फरक नाही. त्या काळात घरदार विकून आशेने विमानात बसलेल्या माणसांची आठवण ठेवूनच लोहाबद्दल कुणीही बोलावं, असं मला वाटतं.

औषधाने लोह काढण्याचंही झालं. डेफेरिप्रोन हे थॅलेसेमियाच्या मुलांना, वारंवार रक्त चढवल्याने साठलेलं लोह काढायला देतात. युरोपात ते पार्किन्सनच्या ३७२ नव्या रुग्णांवर तपासलं गेलं. निकाल २०२२ मध्ये आला. एमआरआयवर मेंदूतलं लोह खरोखर कमी झालं होतं, आणि औषध घेतलेल्या रुग्णांची लक्षणं न घेतलेल्यांपेक्षा जास्त बिघडली होती. आजार वेगळा आहे हे खरं, पण चित्रातलं लोह कमी होणं आणि माणूस बरा होणं या दोन निराळ्या गोष्टी आहेत, याचा इतका स्वच्छ पुरावा दुसरा मला माहीत नाही.

शिवाय कढईतलं लोखंड थेट मेंदूत जात नाही. रक्त आणि मेंदू यांच्यामधल्या भिंतीवर लोहाला ठरलेल्या दारानेच प्रवेश असतो, आणि दार किती उघडायचं ते मेंदू आपल्या गरजेनुसार ठरवतो. एमएसमध्ये साठलेलं लोह बहुधा मेंदूतल्या मेंदूत जागा बदलल्याने दिसतं. पालक बंद केल्याने ते हलत नाही. रक्तातलं लोह मात्र घटतं. आपल्याकडे २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय होता. एमएस होतो तोही बहुतेक याच वयाच्या बायकांना. रक्तक्षयाचा थकवा आणि एमएसचा थकवा वरून सारखाच दिसतो. गोळ्या बंद केल्या की आजार वाढला असं घरच्यांना वाटतं, आणि वाढलेला असतो तो रक्तक्षय.

रोजच्या तपासणीत लोहाचा आकडा आज कुठेच लागत नाही. आर-टू-स्टार आणि क्यूएसएम अजून मुख्यतः संशोधनात आहेत. पण कडी पाहण्यासाठी लागणारी मालिका, म्हणजे स्कॅनमधला चित्रांचा ठरावीक संच, बहुतेक चांगल्या मशीनवर असते. तिला एसडब्ल्यूआय म्हणतात, जीईच्या मशीनवर तिचं नाव स्वान. नेहमीच्या एमएस स्कॅनमध्ये ती घेतली जाईलच असं नाही, तेव्हा न्यूरॉलॉजिस्टना आधी विचारून चिठ्ठीवर लिहून घ्यावं. ३ टेस्लावर ती जास्त स्पष्ट येते, १.५ वरही काही कड्या दिसतात. मंगळसूत्र, केसातल्या पिना, ब्लाऊजची सेफ्टी पिन सुरक्षेसाठी आम्ही काढून घेतोच. दातांना तारा असतील तर तसं आधी सांगावं, कारण त्यांच्यामुळे पुढच्या भागाचं चित्र वाकतं. मालिका साधारण पाच मिनिटांची असते. तेवढ्या वेळात गिळताना हनुवटी हलली तरी बारीक कडी पुसली जाते, म्हणून तिच्या आधी मी स्पीकरवर सांगते, "आता एकदा गिळून घ्या, मग पाच मिनिटं अगदी स्तब्ध."

ती मुलगी पाच मिनिटं दगडासारखी पडून राहिली. डाव्या बाजूला, पोकळीच्या कडेला एका चट्ट्याभोवती कडी होती, चार कापांत सलग. ती मोजायची, नोंदवायची आणि तिचं काय करायचं ते रेडिऑलॉजिस्ट आणि न्यूरॉलॉजिस्ट ठरवतील. मी एका कागदावर मशीनचं नाव, टेस्ला, मालिकेचं नाव आणि इको टाइम (झटक्यानंतर किती वेळाने सिग्नल मोजला तो आकडा) लिहून तो तिच्या फाइलला टाचला, म्हणजे पुढच्या वर्षी ती दुसरीकडे गेली तरी तिथला माणूस हेच चित्र तसंच्या तसं पुन्हा काढू शकेल.